मेचनिकोव्ह यांचे विरजण

परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसचा इतिहास पोटाच्या एका रोगाशी जोडलेला आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ मध्ये याच वाड्यात पटकीने वारल्या. पुढे गव्हर्नरांचा मुक्काम मलबार हिलवर स्थिरावला आणि १८९९ च्या ऑगस्टमध्ये या वास्तूत प्लेगच्या संशोधनाची प्रयोगशाळा उघडली. १९२५ पासून ती हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते. पटकी व प्लेग या दोन्ही रोगांवर लस शोधणारे वाल्डेमार हाफकिन गिरगाव-लालबागच्या शाळकरी मुलांनाही पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतात. त्यांना घडविणाऱ्या गुरूचे नाव मात्र या शहरात क्वचितच उच्चारले जाते. असे असूनही गुरूची छाया शिष्यापेक्षा अधिक घरांत पोहोचली आहे. दादरच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात काचेच्या कपाटात 'प्रोबायोटिक' या नावाच्या कॅप्सूल, पुड्या आणि इवल्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. जेवणानंतर पोट फुगते, दूध सोसत नाही, गव्हाच्या पोळीने जडपणा येतो, अशा तक्रारी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकापुढे त्या सहज ठेवल्या जातात. जिवंत जंतू गिळावेत आणि त्यांनी आतड्यातील उपद्रवी जंतूंना आवर घालावा, ही या मालामागील कल्पना. तिचे जनक इल्या मेचनिकोव्ह होत. त्यांचे चरित्र माहीत असले म्हणजे त्या कपाटाकडे अधिक सावध नजरेने पाहता येते.

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ च्या मे महिन्यात, रशियन साम्राज्यातील खारकोव्हजवळच्या ग्रामीण भागात झाला. तो प्रदेश आज युक्रेनमध्ये आहे. पाच भावंडांतील हे शेंडेफळ. बुद्धी तल्लख आणि स्वभाव उतावळा. खारकोव्ह विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत पुरा केला. जर्मनी व इटली येथे प्राणिशास्त्राचे अध्ययन करून पंचविशीतच ते काळ्या समुद्रावरील ओडेसा शहराच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. विद्वत्तेच्या या भराभर चढत गेलेल्या आलेखाखाली दुःखाची एक रेघ होती. पहिली पत्नी ल्युडमिला क्षयाने इतकी खंगलेली होती, की १८६९ मध्ये विवाहविधीसाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. हवापालटासाठी मेचनिकोव्ह तिला घेऊन देशोदेशी हिंडले. अखेर १८७३ मध्ये मदिरा बेटावर तिचा अंत झाला आणि त्या धक्क्यात त्यांनी मॉर्फिन घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. मात्रा इतकी मोठी होती, की ओकारी होऊन ते वाचले. दुसरी पत्नी ओल्गा १८८० मध्ये विषमज्वराने अत्यवस्थ झाली, तेव्हा पुन्हा निराशा दाटली. या खेपेस त्यांनी उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. मृत्यू आलाच तर तो निदान शास्त्राच्या उपयोगी पडावा, असा हिशेब त्यामागे होता. ते गंभीर आजारी पडले, पण त्यातूनही उठले. पुढे दीर्घायुष्याचा मार्ग जगाला सांगणारा माणूस पस्तिशीपर्यंत दोनदा मृत्यूच्या दाराशी स्वतःहून गेला होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकारांना नेहमीच कोड्यात टाकते.

त्यांच्या कीर्तीचा खरा पाया रचला गेला तो सिसिली बेटावरील मेसिना येथे, १८८२ च्या अखेरीस. विद्यापीठातील राजकीय कलहाला कंटाळून त्यांनी राजीनामा दिला होता. एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली असता तारामाशाच्या पारदर्शक डिंभातील फिरत्या पेशी ते सूक्ष्मदर्शकातून न्याहाळीत होते. या पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूवर तुटून पडत असतील काय, असा प्रश्न त्यांना पडला. बागेतील गुलाबाचे काटे तोडून त्यांनी ते डिंभाच्या त्वचेखाली खुपसले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींनी गर्दी केलेली! रोगजंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशींचा सिद्धान्त येथून निघाला. त्यावर दोन दशके कडाक्याचे वाद झाले. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह आणि पाऊल एर्लिक यांना विभागून मिळाले, ते शरीराच्या प्रतिकारशक्तीवरील संशोधनासाठी. दही विकणाऱ्यांनी पुढे नोबेलचा मान आपल्या मालाला चिकटविला, म्हणून हा तपशील ध्यानात ठेवावा लागतो. दह्याचा त्या पारितोषिकाशी काहीही संबंध नव्हता.

ओडेसातील त्यांच्या विद्यार्थ्यांत हाफकिन हा एक ज्यू तरुण होता. झारशाहीविरुद्धच्या चळवळीत तो पोलिसांच्या हाती सापडला तेव्हा गुरूने त्याच्यासाठी रदबदली केली. धर्मांतर केल्याखेरीज विद्यापीठात कायमची जागा मिळणे त्याला अशक्य होते. १८८८ मध्ये मेचनिकोव्ह पॅरिसला लुई पाश्चर यांच्या नव्या संस्थेत गेले. हाफकिन जिनिव्हामार्गे पुढच्या वर्षी तेथे पोहोचले. प्रयोगशाळेत जागा नव्हती, म्हणून पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात साहाय्यकाचे काम त्यांनी पत्करले आणि उरलेल्या वेळात जंतूंवर प्रयोग चालविले.

१८९२ मध्ये युरोपात पटकीची साथ होती. त्या वर्षी एकाच संस्थेच्या छपराखाली गुरू आणि शिष्य एकाच जंतूकडे दोन निरनिराळ्या दृष्टींनी पाहत होते. हाफकिन यांनी पटकीची लस तयार करून १८ जुलै रोजी ती स्वतःला टोचून घेतली. मेचनिकोव्ह यांनी तर पटकीचे जिवंत जंतू चक्क पिऊन टाकले. त्यांना काहीच झाले नाही. प्रयोगात सामील झालेला एक तरुण मात्र मरणाच्या दारातून परत आला. एकच जंतू एकाच्या पोटात निष्प्रभ ठरतो आणि दुसऱ्याच्या पोटात थैमान घालतो, हे कसे? आतड्यात आधीपासून वस्ती करून असलेले काही जंतू पटकीच्या जंतूला वाढू देत असतील आणि काही त्याला अडवीत असतील, असे त्यांच्या मनाने घेतले. प्रयोगशाळेतील तबकड्यांवर असे साहाय्य व अडथळा करणारे जंतू त्यांना आढळलेही. मनुष्याचे आतडे म्हणजे जंतूंची वसाहत आहे आणि आरोग्य त्या वसाहतीच्या घडणीवर अवलंबून असते, हा विचार आज सर्वमान्य आहे. त्याचा उगम या जिवावर बेतलेल्या, आजच्या नीतिनियमांत कदापि न बसणाऱ्या प्रयोगात आहे.

येथवर मेचनिकोव्ह यांची पावले पुराव्याला धरून होती. त्यानंतर त्यांनी मोठी उडी घेतली. मोठे आतडे हे मनुष्याला निरुपयोगी झालेले अवशेषस्वरूप इंद्रिय असून तेथील जंतू अन्न कुजवितात, त्यातून विष तयार होते व ते रक्तात भिनून अकाली वार्धक्य येते, असे त्यांनी प्रतिपादन केले. कुजण्याची क्रिया अम्लाने थांबते, दूध विरजणारे जंतू दुग्धाम्ल निर्माण करतात, तस्मात् असे जंतू पोटात सोडावेत, अशी ही तर्कमालिका होती. बल्गेरियातील खेडूत भरपूर दही खातात आणि शंभरी गाठतात, या ऐकीव माहितीचा आधार त्यांनी घेतला. १९०५ मध्ये स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्याने जिनिव्हात त्या दह्यातील दंडाकृती जंतू वेगळा काढला, तेव्हा सिद्धान्ताला जणू शरीरच लाभले. किती खेडूत, त्यांची वये कोणी तपासली, दही न खाणारे शेजारी किती जगले, हे प्रश्न मात्र अनुत्तरित राहिले. जन्मनोंदी धड नसलेल्या प्रदेशात शतायुषी माणसे विपुल सापडतात, हा लोकगणनेचा अनुभव आहे.

मेचनिकोव्ह यांनी १९०४ मध्ये पॅरिसला वार्धक्यावर व्याख्यान दिले आणि वृत्तपत्रांनी त्यातील दह्याचा भाग तेवढा उचलला. १९०७ मध्ये दीर्घायुष्यावरील त्यांचे पुस्तक आले. युरोप-अमेरिकेतील औषधविक्रेत्यांनी विरजणाच्या गोळ्या आणि भुकट्या बाजारात आणल्या. पॅरिसमधील एका कंपनीच्या जाहिरातीत त्यांचे नाव झळकू लागले. त्यांनी स्वतः त्यातून धन जोडले नाही. पण आपल्या नावाची प्रतिष्ठा त्या बाटल्यांना मिळू दिली, हा दोष त्यांच्याकडे जातोच. आतड्यातील विषाच्या या कल्पनेने भारलेले लंडनचे शस्त्रवैद्य सर विल्यम आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठावर उपाय म्हणून रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. ते इंद्रिय निरुपयोगी नाही, हे पुढे सिद्ध झाले. कापलेली आतडी काही परत आली नाहीत. गुरूंचा स्वतःचा आहार त्या मानाने साधा होता. कच्चे अन्न त्यांनी वर्ज्य केले होते आणि प्रयोगशाळेत विरजलेले दूध ते नेमाने घेत.

इकडे शिष्याने मुंबईत काय केले, हे या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि ऑक्टोबरात हाफकिन येथे दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व व्हरांडा एवढ्या जागेत त्यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. स्वतःवरील प्रयोग हा गुरूचा वारसा. पण हाफकिन तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना त्यांनी लस टोचली, उरलेल्यांना तशीच राहू दिली आणि दोन्ही बाजूंचे आजारी व मृत मोजले. एकच इमारत, एकच भाकरी, एकच साथ. फरक फक्त लशीचा. पुढील वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा गावात त्यांनी घराघरांतील निम्म्या माणसांना लस दिली आणि निम्म्यांना वगळून पुन्हा तीच मोजदाद केली. या आकड्यांवरही समकालीनांनी आक्षेप घेतले. शिवाय १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली व हाफकिन यांच्यावर नाहक बालंट आले, ते १९०७ मध्ये दूर झाले. असो. बल्गेरियाच्या दह्याला कधीच न लाभलेली तुलना भायखळ्यात झाली होती आणि लशीचा गुण कागदावर उतरला होता.

मेचनिकोव्ह यांच्या जंतूची परीक्षा त्यांच्या मागे, १९२० च्या सुमारास, अमेरिकेतील येल विद्यापीठात झाली. बल्गेरियन दह्यातील तो जंतू मनुष्याच्या आतड्यात वस्तीच करीत नाही, असे तेथील लिओ रेटगर व त्यांच्या सहकाऱ्याला दिसून आले. सिद्धान्ताचा एक खांब त्यामुळे ढासळला. व्यापार मात्र जंतू बदलून चालू राहिला. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये दुसरा एक जंतू निवडून वाढविला आणि १९३५ पासून त्याचे पेय बाटल्यांतून विकले जाऊ लागले. 'प्रोबायोटिक' हा शब्द तर त्याहूनही पुष्कळ अलीकडचा. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या केली. तिच्यात तीन अटी आहेत: जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि त्यांनी आरोग्याला लाभ झाल्याचे दिसले पाहिजे. तिसऱ्या अटीवर बहुतेक माल अडखळतो.

काही जंतू ही परीक्षा उत्तीर्ण झाले आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. ओडिशातील खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात अर्भकांची दोन गटांत वाटणी करून एका गटाला ठरावीक जंतू व त्याचे खाद्य असे मिश्रण आठवडाभर देण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार न दिलेल्या गटात शंभरात ९ अर्भके जंतुदोषाने आजारी पडली किंवा दगावली, तर दिलेल्या गटात हे प्रमाण ५.४ होते. हा आकडा भायखळ्याच्या परंपरेतला आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकांतील आतड्याच्या एका घातक रोगावर आणि प्रतिजैविके घेणाऱ्यांना होणाऱ्या एका विशिष्ट जुलाबावर प्रतिबंधक म्हणून काही जातींचा उपयोग दिसतो. परंतु २०२० मध्ये अमेरिकेतील पचनविकारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने सारा पुरावा तपासला, तेव्हा पचनाच्या बहुसंख्य तक्रारींवर प्रोबायोटिके देण्याची शिफारस करण्यास तिने नकार दिला. पोटात मुरडा, फुगारा आणि शौचाची अनियमितता असा वर्षानुवर्षे छळणारा जो 'इरिटेबल बॉवेल'चा विकार, त्यात ती केवळ चाचणीचा भाग म्हणून द्यावीत, असे तिने सुचविले. गिरणगावातल्या दुकानात या कॅप्सूल खपतात त्या बहुतांशी याच तक्रारीवर.

जिवंत जंतू म्हणजे सर्वस्वी निरुपद्रवी वस्तू, हा समजही तपासून घ्यावयास हवा. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवर अशी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये बाहेर आले, तेव्हा जंतू दिलेल्या गटात २४ मृत्यू आणि न दिलेल्या तितक्याच मोठ्या गटात ९ मृत्यू झाल्याचे दिसले. चालत्या-फिरत्या माणसाला असा धोका संभवत नाही, हे खरे. त्याचा धोका निराळा आहे. दूध न सोसणे, गव्हातील ग्लूटेनने आतड्याचा अस्तर झिजणे आणि आतड्याचा क्षय या तीन अगदी भिन्न गोष्टी असून तिन्हींची सुरुवात पोट बिघडण्याने होऊ शकते. पहिलीला दुधाचे प्रमाण कमी केले तरी पुष्कळदा पुरते. दुसरीला रक्ततपासणी आणि मग गहू कायमचा सोडणे लागते. कोणताही जंतू गिळून तो रोग हटत नाही. तिसरीला महिनोन्महिने क्षयाचे औषध घ्यावे लागते. परळच्या सार्वजनिक रुग्णालयात पचनविकारांचा तज्ज्ञ भेटू शकतो. पण रांगेत अर्धा दिवस जातो, रजा टाकावी लागते आणि दुकानातली कॅप्सूल पाच मिनिटांत मिळते. कारकुनाने वा शिक्षकाने ती घेतली, तर त्याला बोल लावता येणार नाही. रोगाचे निदान दोन-चार महिने लांबते ते मात्र या सोयीमुळेच, आणि वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा ताप येत असेल, तर ते दोन-चार महिने फार महाग पडतात.

मग घरच्या दह्याचे काय? चाळीतल्या स्वयंपाकघरात रोज रात्री लागणाऱ्या विरजणात जिवंत जंतू असतात, यात शंका नाही. कोणत्या जातीचे आणि किती, हे मात्र भांड्यागणिक बदलते, म्हणून शास्त्राच्या काटेकोर अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या भारतीय नियमांनुसार या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थाच्या दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू असावे लागतात. मुंबईच्या वैशाखात उन्हाने तापलेल्या टेम्पोतून आलेल्या पुडीत त्यांतले किती जिवंत उरतात, याची मोजणी गिऱ्हाइकाला करता येत नाही. उलट दह्याविषयीची एक गोष्ट पक्की ठरली आहे: ते लावणारे जंतू दुग्धशर्करा फोडतात, त्यामुळे पेलाभर दुधाने ज्याचे पोट बिघडते त्याला वाटीभर दही बहुधा निभावते. आयुर्वेदाने मूळव्याध व ग्रहणी यांत ताकाला मानाचे स्थान दिले, त्यामागे असाच दीर्घ अनुभव असावा. कढी उकळली, की तिच्यातील जंतू मरतात. तिची चव तेवढी राहते, आणि तीही काही कमी नाही.

पहिल्या महायुद्धाने मेचनिकोव्ह यांच्या प्रयोगशाळेतील तरुण सहकारी रणभूमीवर ओढून नेले. विज्ञानाने मनुष्य शहाणा होईल या त्यांच्या श्रद्धेवर तो मोठाच आघात होता. हृदयविकार बळावत गेला. आपला सिद्धान्त शेकडो वर्षे जगण्याचे आश्वासन देतो, असे लोकांनी समजू नये म्हणून ते बजावीत राहिले: आपण अल्पायुषी घराण्यातले आहोत आणि दही उतारवयात घेऊ लागलो, तेव्हा आपल्या वयावरून कोणी निष्कर्ष काढू नये. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांना पुरते उमगले होते. बल्गेरियन खेडुतांच्या बाबतीत तो विवेक ते का विसरले, हे सांगणे कठीण आहे. १९१६ च्या जुलैत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पाश्चर संस्थेतच त्यांचा अंत झाला. मृत्यूनंतर आपले शरीर उघडून आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी आपल्या वैद्य सहकाऱ्याला सांगून ठेवले होते. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला. सत्तावीस वर्षांपूर्वी ओडेसाहून आलेल्या त्यांच्या शिष्याने पटकीची लस शोधण्याआधी साहाय्यकाची नोकरी धरली होती, ती याच संस्थेच्या ग्रंथालयात.